तासाची सायकल

पुण्यामुंबईत, आणि तालुक्याच्या गावांतही, एके काळी कोपऱ्याकोपऱ्यावर सायकली भाड्याने मिळत. हिशेब तासाचा असे. दुकानदार वहीत वेळ टिपून ठेवी, आणि पोरे त्या एका तासात सारा गाव पालथा घालून, घामाघूम होऊन, घड्याळाचा काटा पुढे सरकण्याच्या आत धापा टाकीत परत येत. पैसे दिलेल्या तासात जास्तीत जास्त किती फिरून घेता येईल, एवढीच त्या वयातली महत्त्वाकांक्षा. युरोपात मोठमोठे नामांकित सायकलपटू नेमका हाच खेळ खेळतात आणि त्यापायी सारे आयुष्य पणाला लावतात, हे त्या पोरांना कोणी सांगितले असते, तर त्यांना फारसे नवल वाटले नसते.

त्या खेळाचे नाव ‘तासाचा विक्रम’. नियम एका ओळीत मावतो. गोल धावपट्टीवर, एकट्याने, साठ मिनिटांत जितके जाता येईल तितके जायचे. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. वारा अडवायला सोबती नाही, हरवायला प्रतिस्पर्धी नाही. घंटा वाजली की थांबायचे आणि पंच अंतर सांगतील ते ऐकायचे. शर्यतीत माणूस दुसरा आला तरी काहीतरी पदरात पडते. इथे एक मीटर कमी पडला, की तो तास फुकट.

ह्या विक्रमाची कथा मी सांगायला घेतली आहे ती त्यातल्या एका प्रश्नासाठी. तो प्रश्न आपल्या घरांत दर दिवाळीला उभा राहतो. गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा धड आहे. त्यावर नवा कागद चिकटवून भागवावे, की बाजारातून नवा कंदील आणावा? सायकलवाल्यांपुढे तोच प्रश्न असा येतो : रस्त्यावरची सायकल काढ-घाल करून धावपट्टीवर न्यावी, की धावपट्टीसाठी मुद्दाम घडवलेलीच घ्यावी?

पहिला नोंदलेला विक्रम केला त्या माणसापुढे हा प्रश्न नव्हता. ११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या ‘बफेलो’ धावपट्टीवर आंरी देग्रांज नावाच्या तरुणाने तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले. (अमेरिकेच्या बफेलो बिलचा तंबू पूर्वी त्या जागी पडला होता, म्हणून धावपट्टीला नाव बफेलो!) त्या काळी सायकल म्हणजे एकच प्रकार. स्टार्लीची ‘रोव्हर’ येऊन, म्हणजे दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी जोडलेली सायकल येऊन, आठ वर्षे झाली होती. डनलॉपचा हवेचा टायर निघून पाच. मागच्या चाकाचा दातेरी चक्का चाकाला पक्का आवळलेला असे. चाक फिरले की पायडल फिरणार, पायडल थांबवले की चाक थांबणार. पाय स्वस्थ ठेवून उतारावरून घसरत जाण्याची चैन अजून कोणाला ठाऊक नव्हती.

ती चैन शतक संपता संपता आली. फ्रीव्हील आले, मग हातांचे ब्रेक आले, आणि पुढे गिअर आले. देग्रांजने १९०३ साली ‘टूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली. पण गिअर बदलण्याच्या यंत्राशी त्याने अखेरपर्यंत वैर धरले. त्याच्या शर्यतीतले वीर मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळे चक्के लावून निघत आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटे करून बसवीत. देग्रांज आजारपणामुळे बाजूला झाला आणि १९३७ साली गिअरला परवानगी मिळाली. म्हातारा हट्टी होता खरा. पण धावपट्टीवर घडलेल्या माणसाला पाय आणि चाक ह्यांच्या मधे तिसऱ्या कोणाची लुडबूड सोसली नसावी, असे मला वाटते.

म्हणजे खरे पाहता, धावपट्टीची सायकल ही काही नवी, खास काढलेली चीज नव्हे. ती जुनीच सायकल. बदलत गेली ती रस्त्यावरची. ही आपली जागच्या जागी राहिली. म्हणून रस्त्यावरची सायकल धावपट्टीला योग्य करायची, तर तिच्यात भर घालायची नसते. गेल्या सव्वाशे वर्षांत जी भर पडली ती उतरवायची असते. घंटी, मडगार्ड, कॅरिअर तर जातातच. मग गिअर जातात, फ्रीव्हील जाते, आणि शेवटी ब्रेकही जातात. ब्रेक काढतात हे ऐकून नवख्याच्या पोटात गोळा येतो. परंतु धावपट्टीवर ब्रेक हाच धोका आहे. पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतर राखून दहाजण भरधाव चालले असता एकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागच्या नऊ जणांची काय गत होईल? वेग कमी करायचा तर पायांनीच, मागे जोर देऊन, हळूहळू.

हे सारे ऐकायला सोपे वाटते. आणि पुष्कळशा गावांतल्या होतकरू पोरांनी ह्याच वाटेने धावपट्टीवर पहिले पाऊल ठेवले आहे. जुन्या लोखंडी सायकलींना मागच्या चाकाची खाच आडवी असे. त्यामुळे चाक मागे-पुढे सरकवून साखळी ताणता येई. नव्या सायकलींची खाच उभी असते. तिथे साखळी ढिली राहिली तर ढिलीच. दुसरी अडचण चक्क्याची. साध्या चाकाच्या आट्यांवर पक्का चक्का नुसता आवळला, तर पायांनी मागे जोर देताच तो उलटा फिरून सुटू शकतो. धावपट्टीच्या चाकाला म्हणूनच चक्क्याच्या बाहेर उलट्या आट्यांचे आणखी एक कडे असते. चक्का सुटू लागला, की ते अधिकच घट्ट बसते. ह्या एका कड्याच्या अभावी माणूस ऐन वळणावर ब्रेकविना उरतो. तिसरी अडचण उंचीची. २५० मीटरच्या आधुनिक धावपट्टीची वळणे चाळीस अंशांहून अधिक कललेली असतात. तिथे सायकल सावकाश नेली आणि तिच्या पायडलांची जागा बुटकी असली, तर आतले पायडल लाकडी पृष्ठभागावर आपटते, आणि मग स्वारासकट सायकल उतारावरून खाली. म्हणून धावपट्टीच्या सायकलीचा मधला आस जरा उंच ठेवतात, पायडलांचे दांडेही थोडे आखूड घेतात. आस उंच करणे हे पान्याचे काम नव्हे. तिथे सांगाडाच नवा लागतो.

तेव्हा व्यवहारी उत्तर असे की, शिकण्यापुरते जुन्यावर भागवावे आणि जम बसला की खास घ्यावी. कोणताही अनुभवी माणूस हेच सांगेल, आणि ते खोटे नाही. परंतु तासाच्या विक्रमाचा इतिहास ह्या शहाणपणाला मधेच एक झकास टांग मारतो.

*

देग्रांजनंतरची पन्नाससाठ वर्षे मी भरभर ओलांडतो. त्यांतली एकच तारीख सांगण्याजोगी आहे : ७ नोव्हेंबर १९४२. युद्ध ऐन भरात होते. दोन आठवड्यांपूर्वीच मिलान शहरावर बॉम्ब पडले होते. त्या मिलानच्या ‘विगोरेल्ली’ धावपट्टीवर फाउस्तो कोप्पी ह्या तेवीस वर्षांच्या सैनिकाने तासात ४५.७९८ किलोमीटर अंतर तोडले. आधीच्या विक्रमाहून जेमतेम ३१ मीटर अधिक. पुढल्याच वर्षी तो आफ्रिकेत इंग्रजांच्या हाती युद्धकैदी होऊन पडला. त्याचा विक्रम मात्र १४ वर्षे टिकला.

मग सायकलीला सोनाराचा हात लागला. बेल्जियमचा एडी मर्क्स २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको शहरात उतरला. ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर. हवा विरळ, म्हणून तिचा अडथळा कमी, पण श्वासालाही तीच कमी. त्याच्यासाठी एर्नेस्तो कोलनागो ह्या इटालियन कारागिराने घडवलेली सायकल अवघी पावणेसहा किलोंची होती. वजन घटवायचे म्हणून हँडलला भोके पाडली होती; इतकेच काय, साखळीच्या कड्यांनाही पाडली होती! पायडलाच्या एका फेऱ्यात ती सुमारे आठ मीटर पळे. मर्क्सने तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. सायकल खास होती, यात शंका नाही. पण आकाराने ती देग्रांजच्या सायकलीची नातच होती. तेच दोन त्रिकोण, तेच वाकडे हँडल, तीच आऱ्यांची चाके.

बारा वर्षांनी, जानेवारी १९८४ मध्ये, त्याच मेक्सिकोत फ्रांचेस्को मोझेर आला तो शास्त्रज्ञांचा ताफा घेऊन. त्याच्या चाकांना आरे नव्हते. सबंध तबकडीसारखी भरीव चाके. चार दिवसांच्या अंतराने दोनदा विक्रम मोडून तो ५१.१५१ किलोमीटरवर थांबला. पुढे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने चार हजार मीटरच्या पाठलागात सुवर्णपदक मिळवले, ते नळ्याच नसलेल्या सायकलीवर. माइक बरोज ह्या कल्पक माणसाचा आराखडा, लोटस ह्या मोटारवाल्यांचे काम. कार्बनच्या तंतूंचे एकसंध अंग, एखाद्या माशासारखे. सायकल खेळात ब्रिटनला ७२ वर्षांनी सोने मिळाले. पण वर्तमानपत्रांत बोर्डमनपेक्षा त्याच्या सायकलीचीच तारीफ अधिक झाली. ‘मीही थोडे पायडल मारले हो!’ असे त्या बिचाऱ्याला वाटले असल्यास नवल नाही.

पैसा, प्रयोगशाळा आणि खास सायकल हाती असल्याशिवाय तासाच्या विक्रमाच्या वाटेला कोणी जाऊ नये, अशी आता सर्वांची खात्री झाली होती. त्याच वेळी स्कॉटलंडच्या एअरशर भागातला एक कर्जबाजारी तरुण आपल्या हातांनी एका सायकलीला डाग देत बसला होता.

*

ग्रेअम ओब्रीचा जन्म १९६५ चा. त्याने सायकलींचे दुकान काढले आणि ते बुडाले. शिक्षण नाही, नोकरी नाही, घरात बायको आणि लहान मूल. स्थानिक शर्यतींत मात्र तो वर्षानुवर्षे सायकल दामटीत आला होता, आणि तेव्हापासूनच त्याच्या डोक्यात एक विचार घोळत होता. सायकलस्वाराची सारी शक्ती खर्च होते ती हवा कापण्यात. आणि हवेला अडवते ती सायकल नव्हे, वर बसलेला माणूस. त्यातही पुढे पसरलेले हात. तेव्हा हात दुमडून छातीखाली घेतले तर? सशाने पळताना कान पाठीला चिकटवावेत, तसे? त्याने हँडल इतके आत घेतले की त्याचे खांदे हातांवर टेकत आणि हनुवटी पुढच्या चाकावर येई. पाहणाऱ्याला वाटावे, हा माणूस सायकल चालवीत नसून तिच्यावर अंग मुरडून निजला आहे.

दुसरा विचार पायांचा. माणूस चालतो तेव्हा त्याची पावले एका रेषेजवळ पडतात. सायकलीवर मात्र मधल्या आसाच्या रुंदीमुळे पाय फाकतात. आस अरुंद हवा, पण बाजारात तसा मिळेना. ओब्रीची नजर कपडे धुण्याच्या एका जुन्या यंत्राकडे गेली. त्या यंत्राचे पिंप मिनिटाला हजारावर फेरे घेते आणि त्याचे बेअरिंग वर्षानुवर्षे कुरकुर करीत नाही. माझे पाय तर मिनिटाला शंभरच फेरे घेणार! ते बेअरिंग त्याने काढले आणि सायकलीच्या पोटात बसवले. गुडघे इतके जवळ आले की वरच्या दांड्याला घासू लागले. मग दांडाच काढून टाकला. आपल्याकडची लेडीज सायकल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. तिचे नाव त्याने ठेवले ‘ओल्ड फेथफुल’. आपण म्हातारी पण इमानी म्हणू.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. ओब्री हा पैसे वाचवायला जुन्यावर भागवणारा माणूस नव्हता, आणि खास सायकलीचा भक्तही नव्हता. इतर जण सायकल धावपट्टीला जुळवीत. ह्याने ती स्वतःच्या अंगाला जुळवली. शिंप्याकडची मापाची बंडी आणि दुकानातला उंची कोट यांत जो फरक, तोच हा. कोट भारी असेल. पण बाही कोणाच्या हाताची?

जुलै १९९३ मध्ये तो नॉर्वेतल्या हामार गावी गेला. पुढल्या वर्षीच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी तिथे उलट्या गलबताच्या आकाराचे भव्य क्रीडागृह उभारले होते, आणि त्यात लाकडी धावपट्टी घातली होती. धावपट्टी त्याला एका दिवसापुरती मिळाली होती. एवढ्या मोठ्या प्रसंगी घरगुती सायकल कशी शोभेल, असा विचार झाला असावा. तिच्या बेताबरहुकूम कसबी हातांनी एक नवी, देखणी प्रतिकृती तयार करण्यात आली होती. १६ जुलै रोजी ओब्री त्या नव्या सायकलीवर बसला. तास भरला, घंटा वाजली. मोझेरच्या अंतराला तो जवळजवळ एक किलोमीटर कमी पडला होता.

असा तास काढल्यावर माणूस सायकलीवरून नुसता उतरू शकत नाही. त्याला उतरवावे लागते. पुन्हा प्रयत्न करायला लोक महिने घेतात. ओब्री म्हणाला, उद्या सकाळी पुन्हा. पाय रात्रीत आखडून लाकूड होऊ नयेत, म्हणून त्याने निजताना पोटभर पाणी ढोसले. दर दोनएक तासांनी लघवीला उठावे लागावे आणि उठले की पाय ताणता यावेत, एवढ्यासाठी! कोणत्या प्रयोगशाळेत ही युक्ती सुचली असती? आमच्याकडची एखादी आजी मात्र सहज सांगून गेली असती.

१७ जुलैच्या सकाळी त्याने नवी सायकल बाजूला ठेवली आणि म्हातारीला बाहेर काढले. तासाअखेर अंतर भरले ५१.५९६ किलोमीटर. मोझेरच्या नऊ वर्षांच्या विक्रमाहून ४४५ मीटर अधिक. माणूस तोच, धावपट्टी तीच, आदल्या दिवसाचा शीण वर अंगात. बदलली होती ती सायकल. नवी गेली होती, हातची आली होती. सारे श्रेय सायकलीला द्यावे असे मी म्हणत नाही. काल हरलेल्या माणसाची ईर्ष्याही तिच्यावर बसली होती.

सहाच दिवसांनी, २३ जुलै रोजी, बोर्दोच्या धावपट्टीवर बोर्डमनने ५२.२७० किलोमीटर अंतर कापून तो विक्रम हिरावून घेतला. टूर द फ्रान्स त्याच दिवशी त्याच गावी मुक्कामाला आलेली. सारे जग पाहायला हजर. पण ऑगस्टमध्ये हामारलाच जागतिक स्पर्धा झाल्या, आणि तिथे ओब्रीने बोर्डमनला उपांत्य फेरीत गाठून विजेतेपद मिळवले. एप्रिल १९९४ मध्ये तासाचा विक्रमही परत आणला : ५२.७१३. आणखी गंमत अशी की, १९९४ च्या जानेवारीत खुद्द मोझेर, वयाच्या ४२ व्या वर्षी, ओब्रीसारखे हात छातीखाली मुडपून मेक्सिकोत उतरला आणि ऐन उमेदीतल्या स्वतःलाच त्याने मागे टाकले : ५१.८४० किलोमीटर.

सायकल खेळाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाला हे रुचले नाही. १९९४ च्या पालेर्मो येथील जागतिक स्पर्धेत, शर्यतीला जेमतेम तासभर उरला असता, ओब्रीला कळवण्यात आले की अशा रीतीने बसणे आता नियमबाह्य आहे. तो तसाच बसून निघाला, आणि बाद झाला. गप्प बसेल तर तो ओब्री कसला! त्याने हात उलट पुढे सरळ ताणून बसण्याची नवी रीत काढली, आणि १९९५ साली बोगोताला पुन्हा जगज्जेता झाला. तीच रीत उचलून बोर्डमनने १९९६ मध्ये मँचेस्टरला ५६.३७५ किलोमीटर असा अंतर भोवंडून टाकणारा तास काढला. आणि मग मंडळाने तीही बंद केली.

ह्या साऱ्या काळात ओब्रीच्या मनावर जी काळोखी येत-जात होती, तिच्याविषयी त्याने २००३ च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. १९९४ च्या शरदात त्याचा भाऊ अपघातात गेला. आजार मनाचा होता; विजयाने तो बरा झाला नाही, आणि मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन तो माणूस परत आला. सोप्या शब्दांत त्याने तो सांगितला, त्यामुळे कित्येक खेळाडूंना आपलेही दुखणे बोलून दाखवण्याचा धीर आला.

मंडळाने २००० साली एक अजब न्याय केला. मर्क्सच्या नंतरचे सारे विक्रम वेगळ्या खात्यात टाकले, आणि ठरवले की खरा विक्रम १९७२ सारख्या सायकलीवरच व्हायला हवा : गोल नळ्या, वाकडे हँडल, आऱ्यांची चाके. यंत्राच्या हातून विक्रम काढून माणसाच्या हाती द्यावा, हा हेतू चांगला. पण मर्क्सची साखळीसुद्धा भोके पाडून हलकी केलेली होती, हे विसरून कसे चालेल? २७ ऑक्टोबर २००० रोजी बोर्डमन मँचेस्टरला साध्या सायकलीवर बसला. चार वर्षांपूर्वी ५६ किलोमीटरच्या वर गेलेला हाच माणूस. ह्या खेपेस अंतर आले ४९.४४१. मर्क्सहून दहा मीटर जास्त. अठ्ठावीस वर्षे आणि दहा मीटर!

तो नियमही २०१४ साली मोडीत निघाला आणि आधुनिक सायकली परत आल्या. २०२२ च्या ऑक्टोबरात इटलीच्या फिलिप्पो गान्नाने स्वित्झर्लंडमध्ये ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले, तेव्हा त्याच्या सायकलीचा सांगाडा धातूच्या भुकटीपासून, थरावर थर देत, छापून काढलेला होता. मात्र अशी सायकल बाजारात विकायला ठेवलेली असली पाहिजे, असा आता मंडळाचा दंडक आहे. धुण्याच्या यंत्राच्या बेअरिंगला त्या बाजारात जागा नाही.

ओब्रीचे काय झाले? २०१३ च्या सप्टेंबरात, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या नेव्हाडा वाळवंटातल्या एका सरळसोट रस्त्यावर गेला. तिथे धावपट्टीचे नियम नव्हते. ह्या खेपेस त्याने पालथे निजून, डोके पुढे करून चालवायची सायकल आणली होती, वरून कवच घातलेली. तिच्यावर त्याने ताशी ५६.६२ मैल, म्हणजे ९१ किलोमीटरचा वेग गाठला, आणि पालथ्या स्वारांत तो उच्चांक ठरला. सायकल बांधली होती घरच्या स्वयंपाकघरात. खांदे टेकवायला दोन वाटोळे आधार हवे होते. ते त्याने स्वयंपाकाचे एक जुने पातेले कापून केले.